मलूल पान

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने माझ्या बायकोला, सुमनला, फसवलं. छाती धरून गेली होती ती. त्याने पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं.

आज दुकानात विड्याची पानं निवडताना एक मलूल पान ओल्या फडक्यात ठेवलं. थोड्या वेळाने ते ताठ झालं. शेजारचं काळं पडलेलं तसंच राहिलं. अशा पानावरही मी पाणी मारत बसलो की सुमन हसायची. "अहो, त्याच्याशी कसली घासाघीस करता? मलूल पान उठतं, काळं पडलेलं नाही उठायचं."

नंतर तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. रक्त यायचं थांबलं तरी हृदयाच्या पेशी काही वेळ तग धरतात, वेळेत मिळालं तर सावरतात. पण एकदा त्यांचं आवरण फाटलं, की कितीही रक्त द्या, त्या उठत नाहीत.

"थोड्या तरी वाचवा हो," मी म्हणालो. घासाघीस करूनच मी हे दुकान उभं केलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. सुमन गेली.

ते काळं पान मी पुन्हा फडक्यात ठेवलंय.

तिचं हृदय नुसतं मलूल होतं तेव्हा ती तुझ्यासमोर बसली होती, डॉक्टर. घरी का पाठवलंस तिला? समोर ये आणि सांग.