होमाजवळचा व्हिडिओ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला तर नाहीच. तसा मी स्वतःच्या फजित्या चवीनं सांगणारा माणूस. मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना नाकावरची माशी हाकलायला हात वर केला आणि बांगड्यांची अख्खी पाटी गळ्यात पडली, हे तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलं असेल. ही गोष्ट मात्र — हिच्यात हसण्यासारखं काय आहे? खरं तर सुरुवातीला सगळेच हसले होते.

आमच्या वाडीत शिमग्याला फाका मारायचा मान माझा. मान म्हणजे मीच घेतलेला. होम पेटला की एकेकाचं नाव घेऊन चेष्टा करायची, बाकीच्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. ज्याची चेष्टा झाली त्यानं राग धरायचा नाही. होम विझला की बोललेलं सगळं राखेत.

त्या वर्षी मी ओंकारला धरला. माझा पुतण्या, नववीतला, आवाज नुकता फुटायला लागलेला. मी त्याच्या घोगऱ्या-चिरक्या आवाजाची नक्कल केली. "बोल की रे, कोंबड्या!" तो हसत उत्तर द्यायला गेला आणि आवाज मध्येच फाटला. वाडी हसून लोळली. माझा मोबाइल त्याच्या तोंडावर चालू होता. शेजारी उभ्या तन्मयचाही होता. तन्मय म्हणजे ओंकारचा जिवाभावाचा दोस्त.

व्हिडिओ टाकला तो मी. इन्स्टावर माझं टोपणनावाचं एक पान होतं, वाडीतल्या गमतींचं. कुणाला ठाऊक नव्हतं — पन्नाशीतल्या माणसानं असले धंदे लपूनच करायचे ना?

होम सकाळी विझला. व्हिडिओ विझेना. 'गळा दाबा ह्याचा', 'कापा कोंबडा', खाली सुऱ्यांची चित्रं. लिहिणारी सगळी त्याच्याच शाळेतली पोरं. ओंकार हजेरीला नुसता हात वर करू लागला. घरातही बोलेना. मग त्याच्या गळ्यावर काळेनिळे डाग दिसले. बाथरूमचं दार लावून तो स्वतःच्याच गळ्यावर बुक्के मारायचा. वहिनीनं मला बोलावून दाखवलं. "भावोजी, तुमचं ऐकतो तो. विचारा जरा." मी काय केलं? मान हलवली, अंगणात आलो, आणि व्हिडिओ किती जणांनी बघितला ते बघितलं.

काढून टाकणं एका बोटाचं काम होतं. ते बोट — राहू दे.

पुढे आंब्याचा सीझन आला. भावाच्या पडवीत मी पेट्यांत पेंढा पसरत होतो, ओंकार पेट्या ठोकत होता, तन्मय मदतीला आलेला. तन्मयनं मोबाइल बघितला आणि कशाला तरी हसला. एवढंच. ओंकारनं हातोडी त्याच्या तोंडावर घातली. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला — ऐकू येतो. तन्मय पेंढ्यात कोसळला तरी तो मारतच राहिला. "तूच टाकलंस! तूच!" आवाज तोच, फाटका. तन्मय रक्त थुंकत म्हणत होता, "आईशप्पथ, मी नाय रे..."

मी झेप घेऊन हातोडी हिसकावली. त्यात माझं बोट फुटलं. एवढा धाडसी मी! आणि 'मी टाकला' हे दोन शब्द? ते कुठे गेले? बाकीचे तन्मयला उचलत असताना मी मोरीवर बोट धुवायला गेलो आणि व्हिडिओ काढला, पान बंद केलं. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन रिक्षातून हॉस्पिटलात. तिथे त्याच्या बापाला म्हटलं, "मोबाइलनं पोरं बिघडली हो." त्यानंही मान डोलावली.

तन्मयचा जबडा तारांनी बांधला. अजून तो एकाच बाजूनं चावतो. त्यानंच टाकलान, असं वाडी धरून चालते, त्याची आईसुद्धा. दोघं पोरं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ओंकारचा आवाज आता चांगला भरदार झालाय, पण तो वापरतो कामापुरता.

तन्मय मात्र रस्त्यात भेटला की थांबतो. वाकड्या तोंडानं हसतो. "काका, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "असू दे रे."