खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

सेलरचं दार उघडलं तेव्हा आत अगरबत्तीचा वास होता. लाकडी रॅकना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. प्रत्येक बाटलीच्या बुडाला हळदी-कुंकवाचं बोट लागलं होतं आणि काच नव्यासारखी लखलखत होती. मी एक बाटली काढून बॅटरीच्या उजेडात धरली. आतली वाइन ताकासारखी गढूळ होती.

उर्से गावाजवळच्या एका छोट्या वायनरीत मी वाइनमेकर आहे. खंडेनवमीची सुट्टी संपवून मी दसऱ्याच्या सकाळी कामावर आले होते. दिवाळीपूर्वी लोणावळ्याच्या एका हॉटेलला आमची बाटलीत तयार झालेली पहिली स्पार्कलिंग वाइन द्यायची होती. पुढच्या आठवड्यात बाटल्या उघडून आतला गाळ काढायचा, असं ठरलं होतं.

स्पार्कलिंग वाइन म्हणजे बुडबुड्यांची वाइन. हे बुडबुडे आणण्याचे काही मार्ग आहेत. तयार वाइनमध्ये सोडावॉटरसारखा गॅस सोडणं हा सगळ्यांत सोपा. दुसरा टाकीचा. बंद टाकीत साखर आणि यीस्ट घालून वाइन पुन्हा आंबवतात. त्यातून होणारा गॅस वाइनमध्येच मुरतो. मग ती दाबाखाली गाळून बाटल्यांत भरतात. हे काम काही आठवड्यांत होतं आणि वाइनला ताज्या फळाचा स्वाद राहतो.

तिसऱ्या पद्धतीत हेच आंबवणं एकेका बाटलीत होतं. सोड्याच्या बाटलीसारखा बिल्ला मारून बाटल्या कितीतरी महिने आडव्या ठेवतात. मेलेल्या यीस्टचा साका तळाशी बसतो आणि वाइनला भाजलेल्या पावासारखा वास येतो. मात्र हा साका बाहेर काढावा लागतो. त्यासाठी बाटल्या मान खाली करून भोकांच्या रॅकमध्ये लावतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात. याला रिडलिंग म्हणतात. साका हळूहळू घसरत मानेत उतरतो. बाटली किती फिरली ते कळावं म्हणून बुडाला खडूची खूण असते.

आमचं रिडलिंग कुरवंड्याच्या शकूमावशी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका करतात. त्यांना बोलावलं. खंडेनवमीला अवजारं धुऊन पुजायची असतात, म्हणून त्यांनी सगळ्या बाटल्या काढून घासल्या होत्या आणि परत नीट लावल्या होत्या. खुणा पुसल्या गेल्या होत्या आणि मानेत उतरलेला साका पुन्हा वाइनभर पसरला होता.

"कोळिष्टकं लागलेल्या बाटल्या पुजायच्या व्हय, मॅडम?" मावशी म्हणाल्या. "तुमी फिरवायला सांगितलं. धुवायचं न्हाई, असं कुटं सांगितलं?"

ते खरं होतं. फिरवायचं कसं, ते मी सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

मालक रोहन सर आले. त्यांनी बाटली पाहिली आणि स्टूल ओढून बसले.

"आपल्याकडे टाकीतली तयार आहे. तीच भरून देऊ. बुडबुडे ते बुडबुडे."

"लेबलवर बाटलीत तयार केलेली असं छापलंय, सर."

"लेबल कोण वाचतं?"

"हॉटेलनं वाचूनच ऑर्डर दिलीय."

मग सगळ्या बाटल्या टाकीत रिकाम्या करून वाइन गाळून घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. तशीही एक पद्धत आहे, पण गॅस न घालवता बाटल्या ओतणारं मशीन आमच्याकडे नाही. नुसती ओतली असती तर बुडबुडे तिथेच संपले असते. उरला एकच उपाय. बाटल्या स्थिर होऊ द्यायच्या आणि रिडलिंग पहिल्यापासून करायचं. त्यात दिवाळी हुकणार होती. हॉटेलनं ऑर्डर रद्द केली असती, तर मालकांनी बाटलीचं काम बंदच केलं असतं. हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी हॉटेलच्या मॅनेजरना फोन करून झालं ते सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले. झेंडूच्या माळा अजून रॅकवर होत्या. त्यांनी गढूळ बाटली उजेडात धरून पाहिली, मग टाकीतली वाइन चाखली. शकूमावशींनी डब्यातल्या चकल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. चूक झाली तरी पाहुण्याला रिकाम्या तोंडी बसवायचं नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता. मॅनेजरनी एक चकली खाल्ली, एक घोट घेतला, मग आणखी एक चकली घेतली.

"दिवाळीला ही द्या, टाकीची म्हणून लेबल लावून," ते म्हणाले. "फराळाबरोबर चालेल. बाटलीतली वर्षअखेरीला. पण तेव्हा मला सबब नको."

त्या दिवशी मी काचेच्या रिकाम्या बाटलीत पाणी आणि चिमूटभर पीठ घालून साका कसा उतरतो ते सगळ्यांना दाखवलं. मावशींनी ती बाटली बराच वेळ फिरवून पाहिली. "आन् आमी ह्याला आंगूळ घातली," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. रोहन सरही हसले.

डिसेंबरात बाटल्यांच्या माना शून्याच्या खाली थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या. मानेतला साका गोठून बुचासारखा झाला. बिल्ला काढताच दाबानं तो बाहेर उडाला. पहिली बाटली शकूमावशींनी खिडकीकडे धरली. पलीकडचा डोंगर वाइनमधून स्वच्छ दिसत होता. माल वेळेत लोणावळ्याला गेला. हॉटेल आता दोन्ही प्रकार घेतं.

खंडेनवमीची पूजा आजही होते. पण पूजेचा मान आता फक्त रॅकचा असतो. बाटल्यांना कोणी हात लावत नाही, आणि कोळिष्टकं दसऱ्यानंतरही तिथेच असतात.