सिस्टरबाईंना कोणी चालू देईना

दारव्ह्यात वच्छलाबाईंना नावानं हाक मारणारं माणूस एकच, त्यांचा नवरा वामनराव. बाकी सगळ्या मुलखाच्या त्या सिस्टरबाई. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली. त्यातली पहिली वीस वर्षं लशीचा डबा खांद्याला अडकवून गावं आणि तांडे पायी पालथे घातले. आज मोटारसायकलवर मिरवणाऱ्या निम्म्या बाप्यांना पहिली सुई ह्यांनीच टोचलेली. बाई रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांना पाहिलं की लोकांचा हात आपोआप दंडावर जातो.

तर ह्या सिस्टरबाईंना एकसष्टाव्या वर्षी स्पेनला चालायला जायचं होतं.

म्हणजे विमानानं जायचं आणि तिथं चालायचं. कल्पना त्यांची नव्हे, लीलाम्माची. लीलाम्मा केरळची. पंचवीस वर्षं ह्याच भागात नर्स होती आणि त्यातली बहुतेक वर्षं दोघी एकाच डब्याचा पट्टा आळीपाळीनं खांद्यावर घेऊन फिरल्या. रिटायर झाल्यावर ती कोट्टायमला परत गेली. तिच्या नवऱ्याच्या मनात फार होतं, की स्पेनमधल्या एका संताच्या समाधीपर्यंत एकदा चालत जावं. लॉकडाऊनमध्ये तो गेला. आता त्याच्या नावानं ती चालणार होती. पोरं म्हणाली, एकटी नाही जायचं. लीलाम्मा म्हणाली, वच्छला येईल.

"तू आली तं मी जाईन. नाई आली तं हे लोक मले टूरच्या बशीत बसवून दर्शनाले नेतील," तिनं फोनवर सांगितलं. "मी बशीत नाई बसत. ते चालाचेच म्हणत होते."

शेवटचे एकशे पंधरा किलोमीटर चाललं तरी तिथं दाखला मिळतो म्हणे. रोज वीसेक किलोमीटर, सामान पाठीवर, मुक्कामाला वहीत शिक्का. मधेच गाडीत बसलं, तर जिथं बसलं तिथं परत यायचं आणि तिथूनच पुढं चालायचं. लीलाम्माचा मुलगा डॉक्टर. त्यानं अट घातली: दोघींनी लागोपाठ तीन दिवस वीस-वीस किलोमीटर चालून दाखवा, फोनमधला नकाशा मला पाठवा, मगच तिकिटं. लीलाम्मानं तिकडं रबराच्या मळ्यांतून तीन दिवस चालून दाखवलं. आता सगळं वच्छलाबाईंच्या पायांवर येऊन थांबलं होतं.

पाय काही वाईट नव्हते. अडचण पायांची नव्हतीच. अडचण होती ती ह्या मुलखातल्या लोकांची, ज्यांना रस्त्यानं चालणारी बाई पाहवत नाही!

जानेवारीत पहिल्यांदा निघाल्या. दारव्ह्यापासून यवतमाळच्या रस्त्यानं दहा किलोमीटर जायचं आणि दहा यायचं. नवे बूट, पाठीला पिशवी, पिशवीत वजनाला पाच किलो तूरडाळ. एक किलोमीटर होत नाही तोच एक मोटारसायकल थांबली. "बसा, सिस्टरबाई." नको म्हटलं. दुसरी थांबली. मग कापसाची गाडी थांबली. मग लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या कामगारांची अख्खी बस थांबली आणि खिडक्यांतून वीस मुंडकी बाहेर आली. "अवो बाई, उन्हाच्या कायले चालून राह्यल्या? या ना!" ऊन कसलं, सकाळचे सात वाजले होते आणि बाईंनी स्वेटर घातला होता.

प्रत्येकाला समजावून सांगायचं तरी किती? व्यायाम म्हटलं तर म्हणत, घरापाशी करा ना. स्पेन म्हटलं तर विचारत, तिकडे कोण आजारी आहे? पिशवीत काय आहे, डाळ का, कोणाले नेऊन देऊन राह्यल्या, आम्ही पोचवतो. नाही म्हटलं की लोक रागावून जात. चार दिवसांत गावभर झालं, की सिस्टरबाईंचं सुनेशी वाजलं आणि त्या डाळ बांधून घर सोडून चालल्या. सून सुरभी बिचारी शाळेत शिकवते. स्टाफरूममधून रडत घरी आली. "आई, तुम्ही कोणाले काही सांगतलं का माह्याबद्दल?" आता काय बोलावं!

वामनरावांचं तिसरंच. "चालाचंच हाये तं वावरात चाल. गव्हाले पाणी देऊन होईन."

"तुमच्या वावरात वीस किलोमीटर होते काय?"

"चकरा मार. कोण नाई म्हणते?"

पहिल्या परीक्षेत दुसऱ्या दिवशी बाई हरल्या. एका मास्तरांच्या बायकोनं स्कूटर आडवी लावली, पिशवी हिसकून पायापाशी ठेवली आणि रडायच्या बेतात आली. "बाई, तुम्ही मले परकी समजता का?" बाई बसल्या. दोनच किलोमीटर. संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला, "आंटी, आप बयालीस की स्पीड से चलती हैं?"

दुसऱ्या परीक्षेला त्यांनी डोकं चालवलं. पेंटरकडून पुठ्ठ्याची पाटी करून घेतली आणि गळ्यात अडकवली: मी मुद्दाम चालत आहे. कृपया थांबू नये. झालं! आधी ओळखीचे थांबत, आता अनोळखीही वाचायला थांबू लागले. यवतमाळ जिल्ह्यात गळ्यात पाटी घालून माणूस चालतं ते कलेक्टर ऑफिसवरच, दुसरीकडे नाही. "मागणी काय हाये, बाई?" पेन्शन अडली का, पगाराचा फरक आहे का? दोन आशाताई घोषणा देत शंभर पावलं बरोबर चालल्या. तिसऱ्या दिवशी एका पेपरचा माणूस आला आणि फोटोसाठी बाईंना अर्धा तास उभं केलं. मग उन्हानं डोकं गरगरलं आणि चौदा किलोमीटरवर बाई मुकाट्यानं घरी आल्या. पाटी त्यांनी चुलीत घातली.

डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाला, एक बार और, आंटी. उसके बाद मैं मम्मी का बस टूर बुक कर दूँगा. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार ही शेवटची मुदत.

त्या संध्याकाळी बाई तडक जीप स्टँडवर गेल्या. तिथं फुलचंद आपली काळीपिवळी पुसत उभा होता. तांड्यावरचा पोरगा, आता चाळिशीचा, स्टँडवरच्या ड्रायव्हरांचा म्होरक्या.

"फुलचंद, तुम्ही लोकांनी माहा जीव घेतला," बाई स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "शुक्रवार, शनिवार, रविवार. एकानंही माह्यापाशी गाडी थांबवली तं याद राखा. कायले थांबता रे तुम्ही? मी लंगडी आहे काय?"

फुलचंदनं फडकं खांद्यावर टाकलं. "बाई, तुम्हीच तं सांगतलं होतं."

"मी? कधी?"

"माहा बाप गाडी चालवे तवा. मी लहान होतो, पण मले आठवते. तुम्ही इथंच उभ्या राहून सगळ्याइले शिव्या देल्त्या."

बाईंना आठवलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक पोटुशी बाई दवाखान्याकडे पायी निघाली होती. तिच्या बाजूनं दोन जीपगाड्या आणि एक ट्रॅक्टर निघून गेला आणि ती रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बाळंत झाली. लेकरू वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. भर बाजारात सिस्टरबाईंनी स्टँडवरच्या एकेका ड्रायव्हरला आपापल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की रस्त्यानं चालणारी बाई दिसली तर गाडी थांबलीच पाहिजे, भाडं असो नसो. त्यांचं पाहून ट्रॅक्टरवाले थांबू लागले, मग मोटारसायकलवाले. बाई पुढं बदली होऊन गेल्या, परत आल्या, विसरल्या. गाव विसरलं नव्हतं.

बाई जास्तच चिडल्या. "ते तवाचं तवा. आता मी सांगतो, माह्यापाशी थांबाचं नाई. सगळ्याइले सांग."

"हौ," फुलचंद म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

पण त्यानं सांगितलं. शुक्रवारी एकही गाडी थांबली नाही. नुसता हॉर्न वाजवून, हात हलवून लोक पुढं जात. शनिवारीही तसंच. "चालू द्या, बाई!" वीस किलोमीटर पूर्ण. डॉक्टरनं अंगठा पाठवला, लीलाम्मानं तर रडक्या आवाजातला निरोप पाठवला. बाईंना वाटलं, इतकं सोपं होतं तर दोन महिने मी उगाच उरस्फोड केली.

रविवारी दहा किलोमीटर जाऊन त्या परत फिरल्या. 'दारव्हा ७' लिहिलेल्या दगडाशी तांड्याची पायवाट रस्त्याला मिळते. तिथून एक पोरगी कमरेवर हात देत वर येत होती. दिवस भरलेले. बाईंनी लांबूनच ओळखलं, ही चाल काय आहे ते.

नाव जमनी. घरचे सगळे ऊसतोडीला गेलेले, मागं फक्त डोळ्यांनी अधू सासू. सकाळपासून कळा येत होत्या. फोन केला तर अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन यवतमाळला गेलेली, तासभर लागणार होता. म्हणून ती रस्त्यावर आली. बाईंनी पोटावर हात ठेवून पाहिलं. तासभर थांबण्याइतका वेळ ह्या पोरीकडे नव्हता.

बाईंनी जमनीच्या पाठीमागून हात घातला आणि दुसरा हात वर केला.

मोटारसायकल आली, त्यावर तिघं. त्यांनीही हात वर केला आणि गेले. मग जीप आली. बाईंनी जोरजोरात हात हलवला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "आज जोडीदारीन भेटली वाटते, बाई! येऊ द्या!" आणि जीप गेली. मग कापसाचा ट्रॅक्टर. बाई ओरडल्या, पण ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. वरचा माणूस कौतुकानं हसला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

जमनी दगडाला धरून खाली बसली होती. तोच रस्ता, तशीच पोरगी, आणि गाड्या निघून चालल्या होत्या. ह्या वेळेस त्यांना तसं सांगणारी बाई मात्र आपणच. स्वतःच्या तोंडाची इतकी चीड त्यांना आयुष्यात आली नव्हती. पुढची काळीपिवळी वळणावर दिसताच त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन पिशवीसकट उभ्या राहिल्या. गाडी करकचून थांबली. फुलचंद होता.

"बाई, तुम्हीच तं म्हटलं..."

"गेलं खड्ड्यात मी म्हटलं ते! पोरीले उचल!"

मागच्या सीटवरची माणसं उतरली. बाई जमनीला घेऊन बसल्या. फोन कमरेच्या कप्प्यात तसाच चालू होता आणि त्यातली रेघ ताशी साठनं दारव्ह्याकडे धावत होती. बाईंना ते ठाऊक होतं. स्पेन गेलं, लीलाम्मा बशीत बसली, हेही ठाऊक होतं. जमनीनं हात इतका घट्ट धरला होता, की अंगठी बोटात रुतली.

पावणेबाराला दारव्ह्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. अडीच किलो, आवाज खणखणीत. जमनीचं कोणी येईपर्यंत बाई तिथंच बसल्या. तीन वाजता सासूला घेऊन शेजारीण आली, तेव्हा त्या उठल्या. बाहेर फुलचंद बसलेला.

"चला बाई, घरी सोडतो."

"घरी नाई. सकाळी जिथं बसवलं तिथं सोड."

"अवो सात किलोमीटर मागं! आता काय ठेवलं तिथं?"

"सोड म्हटलं ना!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अन् आयक. सगळ्याइले सांग, पहिल्यासारखं थांबाचं. माह्यापाशी बी थांबाचं. मी नाई म्हणीन, ते माहं मी पाहीन."

चार वाजता बाई 'दारव्हा ७' च्या दगडाला हात लावून निघाल्या. फुलचंदचे फोन त्यांच्यापुढं धावले होते. पहिल्याच किलोमीटरला दोन मोटारसायकली थांबल्या. मग मास्तरांच्या बायकोची स्कूटर, मग जीप, मग सकाळचाच ट्रॅक्टर, गाणी बंद करून. प्रत्येकाला बाई म्हणाल्या, "नाई रे बापू, चालून राह्यली." अकरा वेळा म्हणाल्या. अकराव्या वेळेपर्यंत पुन्हा चांगल्याच वैतागल्या होत्या, पण एकालाही त्यांनी न बोलता जाऊ दिलं नाही.

घराजवळ आल्या तेव्हा लीलाम्माचा फोन आला. डॉक्टरनं रेघ पाहिली होती.

"बाळ?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं. साठच्या वेगानं दवाखान्यापाशी गेलेली रेघ पाहून तिला बाकी काही सांगावं लागलं नव्हतं.

"मुलगी. बरी आहे."

"गाडीत कुठं बसली तू?"

"सातच्या दगडापाशी."

"अन् मंग?"

"तिथूनच चालत आली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मंग झालं की, वच्छला," लीलाम्मा म्हणाली. "तिथं बी असंच करतात. मी सांगते त्याले. तू पाय गरम पाण्यात ठेव."

बाई ओट्यावर बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. फुलचंद त्यांच्या मागोमाग हळूहळू गाडी चालवत आला होता, तो खाली उतरला. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या.

"बाई, त्या देशात गाडीवाले थांबतात काय?"

"नाई थांबत म्हणते."

"चालणाऱ्या बाईपाशी बी नाई?"

"नाई."

"मंग कसं होईन तुमचं तिथं?" तो खरोखर काळजीनं म्हणाला.

"अरे, चालालेच चालली ना मी!" बाई खेकसल्या. पण नाडीची गाठ त्यांना काही दिसेना, म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पाय पुढं केला. "सोड एवढी गाठ. त्या पोरीनं धरला तो हात चालत नाई माहा."