एका घराला एक माणूस

बस डेपोच्या 'हरवले-सापडले' खिडकीवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे छत्रीभाऊ म्हणत, कारण बावीस वर्षांत त्यांनी लोकांना सर्वांत जास्त परत केल्या त्या छत्र्या. हाताखाली कोणी नाही, डोक्यावर मात्र पाच साहेब.

एके दिवशी सकाळी नदीत प्रवासी लाँच उलटली आणि एकोणचाळीस माणसं बुडाली. नातेवाइकांना बसवायला मोठं छप्पर एकच, डेपोचं प्रतीक्षालय. दुपारपर्यंत तिथे 'आप्त सहायता केंद्र' असा फलक लागला, टेबलं सात मांडली. एक ना धड भाराभर चिंध्या! त्यांतली तीन सेवाभावी संस्थांची, आणि दुःखी माणूस आधी कुणी धरायचा यावरून तिघींची जुंपलेली. एका संस्थेच्या बाईंनी सांत्वनासाठी खास मऊ आवाज काढला होता. शेजारच्या टेबलाशी भांडताना त्या तो बाजूला ठेवत.

छत्रीभाऊंकडे नदीतून निघालेल्या पिशव्या आणि चपला मांडायचं काम आलं. तिथे एक म्हातारे शिंपी येऊन उभे राहिले.

"काय हरवलंय?" सवयीने तोंडातून निघून गेलं. छत्रीभाऊंनी जीभ चावली.

"मुलगी," शिंपी म्हणाले. "दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, दहाच्या लाँचने निघाली होती. पाच टेबलांवर पाचदा तिची उंची सांगितली. आता हा कागद दिलाय, सहाव्यावर द्या म्हणतात. चष्मा घरी राहिला हो. जरा वाचता?"

छत्रीभाऊंनी पहिली ओळ मनात वाचली. 'मयताच्या वारसाने भरावयाचा अर्ज.' शिंप्यांना बाकावर बसवून ते कागद घेऊन थेट रुग्णालयाच्या टेबलाशी गेले आणि त्यावरचं नाव दाखवलं.

"या मुलीची ओळख पटली का?"

"केव्हाच. पर्समध्ये ओळखपत्र होतं."

"मग बापाला सांगितलं कुणी?"

"ते आमच्याकडे येत नाही. कळवायचं टेबल वेगळं."

"कुठलं?"

टेबलावरच्या साहेबांनी सातही टेबलांवरून नजर फिरवली. "आठवं असायला हवं होतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

छत्रीभाऊ परत येऊन शिंप्यांना खेटून बसले. "बाबा, तुमची लेक सापडली. पण ती गेली. जिवंत नाही ती."

"नक्की?"

"नक्की. मी विचारून आलो."

शिंप्यांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली, कडेला कड जुळवून, नखाने दाबून. मग म्हणाले, "मला बघायचंय तिला."

"चला. मी आहे बरोबर."

दुसऱ्या दिवशी छत्रीभाऊंनी तिकीट खिडकीवरच्या बायका आणि रिकामे बसलेले ड्रायव्हर गोळा केले. एका घराला एक माणूस. टेबलांच्या चकरा त्याने मारायच्या, घरच्यांनी जागेवरून हलायचं नाही. केंद्रप्रमुख भडकले. "तुमचं सांत्वनाचं प्रशिक्षण झालंय का?"

"नाही साहेब. पण घाबरलेल्या माणसाला एक गोष्ट एकदाच विचारायची, एवढं येतं."

तिसऱ्या दिवशी मोठे पाहुणे भेटीला येणार होते. नातेवाइकांनी पहिल्या रांगेत बसावं, असा निरोप आला. "आम्हाला फोटोत यायचं नाही," शिंपी सगळ्यांच्या वतीने म्हणाले. छत्रीभाऊंनी मंडळींना मागच्या पार्सलच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. पाहुणे आले तेव्हा पहिल्या रांगेत होता फक्त खुर्च्यांचा हिशेब लावत बसलेला मांडववाला. पाहुण्यांनी त्याला छातीशी धरलं. माणूस हळवा, त्यात तीन दिवसांचं जागरण. तो खरोखरच हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: 'शोकाकुल पित्याचे अश्रू पुसले.' मांडववाल्याची आई टुणटुणीत, बायको समोर, मुलं शाळेत. दिवसभर सांत्वनाचे फोन घेऊन बिचारा मेटाकुटीला आला.

दहाव्या दिवशी केंद्र गुंडाळलं. अहवालात 'सर्व आप्त निकाली काढण्यात आले' असं वाक्य होतं. छत्रीभाऊंना मात्र खिडकी बंद ठेवल्याबद्दल मेमो मिळाला. त्यांनी उत्तर लिहिलं, 'त्या दिवसांत वस्तू घ्यायला कुणी आलं नाही.'

माणसं मात्र येतच राहिली. कुणाला दाखला हवा असे, कुणाला नुसतं बोलायचं असे. छत्रीभाऊंनी खिडकीशेजारी एक बाक ओढून घेतला. शिंपी दर गुरुवारी येतात. कधी लेकीच्या हट्टीपणाच्या गोष्टी सांगतात, कधी नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघतात. एकदा नवे साहेब विचारत होते, हे दर गुरुवारी कुठल्या गाडीची वाट बघतात?

"बसू द्या हो," छत्रीभाऊ म्हणाले आणि शिंप्यांसाठी चहा सांगितला.