बूट काढून मोजा

सोमवार, १२ जुलै १९७१. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. देवळाली प्रवरेच्या थांब्यावर नगरची एस.टी. रिकामी उभी होती. ती सुटणार होती पावणेसातला. तरीही आईने मला ट्रंकेसकट आत चढवले, खिडकीशी बसवले आणि पदराने कपाळ टिपत ती म्हणाली, "आता येऊ दे कुनाला यायचं ते." पस्तीस मिनिटे मी त्या रिकाम्या गाडीत बसून होते. एम.एस्सी.साठी पुण्याला निघालेली आमच्या आळीतली पहिली मुलगी गाडीत चढताना कोणाला दिसू नये, ही त्या निरोपातली मुख्य काळजी होती.

तिसऱ्या वर्षी पोलिओ होऊन माझा डावा पाय आखूड राहिला. 'पायावरून वारं गेलं' असे गाव म्हणते. त्यावर घराने एक रीत बसवली होती. पाहुणे येण्याआधी मी ओसरीवर बसलेली असे आणि ते गेल्यावरच उठे. बाहेर जाण्यासाठी, गावाच्या वहाणा शिवणाऱ्या किसनमामांनी डाव्या बुटाच्या तळाला चामड्याचे थर चढवून दिले होते. पाचवारीचा काठ जमिनीला टेकवून नेसले की ते झाकले जात. चालीतला उरलेला हिसका मी परसात राखेची रेघ ओढून, तिच्यावरून बूट घालून रोज चालून घालवला होता.

त्या सकाळी नंतर थांब्यावर निरोपाला आलेल्यांना, आणि माझ्यासारखेच गाव सोडून गेलेल्यांना, पुढचे मुद्दाम सांगते. कारण चूक आपल्या सर्वांची होती.

माझे पुण्यातले शिक्षण अपंग विद्यार्थ्यांच्या सरकारी शिष्यवृत्तीवर अवलंबून होते. "ती न्हाई मिळाली तर दिवाळीला सामान घेऊनच ये," असे वडिलांनी, अण्णांनी, आधीच बजावले होते. शिष्यवृत्तीसाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता, म्हणून वाटेत नगरला उतरून मी तपासणीला गेले. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "चालून दाखवा." मी चालले. परक्या माणसाने पाहताच शरीराने तेच केले, जे त्याला अठरा वर्षे शिकवले होते. आयुष्यात इतकी सरळ मी कधीच चालले नव्हते. "चाल सामान्य," असे लिहून त्यांनी पुढच्याला बोलावले. बसस्थानकापर्यंत मला चक्क आनंद वाटत होता. पुण्याच्या गाडीत बसल्यावर उमगले की ज्या परीक्षेत नापास होणे आवश्यक होते, तिच्यात मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आहे.

पुढच्या महिन्यात फेरतपासणीचा अर्ज केला. तपासणीच्या दिवशी अण्णा गावाहून परस्पर नगरला आले.

"मागे तर छान चालत होतात," डॉक्टर म्हणाले. "शिष्यवृत्ती जवळ आली की पाय आखूड होतो का?"

रांगेतले कोणीतरी हसले. मी स्नायू, सांधा, भरपाईची हालचाल असे शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण सुरू केले. ते कोणी ऐकले नाही. तेव्हा अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"सायेब, ती चालत न्हवती, आमी तिला चालवत हुतो. बूट काढून मोजा."

उजवा पाय साडेब्याऐंशी सेंटिमीटर, डावा अठ्ठ्याहत्तर. टेपने काम झाले. पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत झाले असते.

शिष्यवृत्ती मिळाली. मात्र दाखला दरवर्षी नवा लागतो; उन्हाळ्याच्या सुट्टीत पाय वाढून येण्याची शक्यता शासनाने गृहीत धरलेली दिसते. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला एका बाजूने कठडा नाही. त्याबद्दल लिहिले, तर 'आपणास सवलत मिळत आहेच' असे उत्तर आले. सवलत देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. मला नियम हवा आहे, जो मर्जी विचारत नाही. मी ज्या संशोधन साहाय्यकाच्या जागेवर डोळा ठेवून आहे, तिच्या जाहिरातीत 'शारीरिकदृष्ट्या सुदृढ' ही अट आहे. म्हणजे ज्या दाखल्यावर मी शिकते, तोच मला नोकरीच्या दारात अडवणार. या दोन कागदांची गाठ घालून देणारा कायदा मी शोधला. तो अजून कोणी लिहिलेलाच नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा धाकट्या सुशीलेला पाहायला श्रीगोंद्याची मंडळी येणार होती. आई सवयीने कुजबुजली, "आक्का, तू आदी बसून घे."

"ती न्हाई बसायची," सुशीला म्हणाली. "पानी आक्काच आनंल. मागनं कळून तोंड वाकडं करन्यापरीस आत्ताच बघू द्या."

आईने तांब्या भरला, तबकात ठेवला आणि तबक माझ्या हाती दिले.

मी ओसरीवर आले, तेव्हा मुलाच्या आत्याने विचारले, "पायाला काय झालंय गं हिच्या?"

"पोलिओ," मी म्हणाले. "साडेचार सेंटिमीटर कमी आहे."

"आन् शिकती किती?"

"लई," अण्णा म्हणाले.

बाहेर मी वर्षातून एकदा अपंग ठरते आणि उरलेले वर्ष सुदृढ असावे लागते. घर माझ्या लेखी आता एवढेच, की तिथे हे दोन्ही सिद्ध करावे लागू नये. ते तसे झाले आहे, असे एका नोंदीवरून म्हणता येणार नाही. पण नोंद केली आहे. स्वयंपाकघर ते ओसरी, अनवाणी, पाहुण्यांसमोर: एकोणीस पावले.