काळ्या गाडीचा रेडिएटर

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुस्तकातलं सगळं गाडीलाही लागू पडतं असं मला वाटायचं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला अडवणारंही कोणी नव्हतं.

पप्पा हडपसरला एका निवृत्त डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांची काळी गाडी माझ्या दुप्पट वयाची. पप्पा ती अकरा वर्षं चालवत होते. त्या उन्हाळ्यात ती दोनदा रस्त्यातच तापून उकळली. डॉक्टरांचा परदेशातला मुलगा फोनवर सांगायचा, विकून टाका. शेवटी डॉक्टर म्हणाले, "अहो, रविवारी दिवे घाटातून सासवडला जायचंय, बहिणीकडे. उकळली तर विकीन. मग तुम्हीही सुटलात, मीही सुटलो."

पप्पांनी हे सांगितलं त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही. खराडीच्या कंपन्यांना तरणे ड्रायव्हर हवे होते, चार वाक्यं इंग्रजी बोलणारे. पप्पा पन्नाशीला आलेले.

"रेडिएटर आतून चोंदला असेल," मी म्हणाले. "तुम्ही बोअरचं पाणी घालता ना? त्यातले क्षार बसतात. धुऊन काढू, कूलंट भरू."

"म्हाताऱ्याला जुलाब देऊ नये, पोरी," पप्पा म्हणाले. पण शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या अंगणात त्यांनीच बॉनेट उघडून दिलं.

रेडिएटरच्या तळाचा कॉक सोडला तर चहासारखं पाणी आलं. क्षार काढायची पावडर पाण्यातून भरली, इंजिन वीस मिनिटं चालवलं, निवू दिलं, मग नळी लावून नितळ पाणी येईपर्यंत धुतलं. हिरवं कूलंट भरलं. वरचा पाइप दाबून दाबून अडकलेली हवा काढली. पप्पा कौतुकाने बघत होते. मला फार बरं वाटलं.

तासाभराने गाडीखाली हिरवा थेंब दिसला. मग दुसरा. जुन्या रेडिएटरची बारीक भोकं त्या क्षारांनीच बुजली होती, आणि मी ती मोकळी केली होती.

पप्पा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रेडिएटर उतरवून भोकं झाळून बुजवायला सोमवार उजाडला असता. ते सायकलवर घरी गेले आणि पुडीत हळद घेऊन आले. जुन्या ड्रायव्हरांचा उपाय: हळद पाण्याबरोबर फिरते आणि भोकात जाऊन बसते. थेंब थांबला.

"डॉक्टरांना सांगू या का?" मी विचारलं.

"काय सांगायचं?"

मी नळी गुंडाळायला घेतली.

रविवारी पाण्याचा कॅन घेऊन मी मागे बसले. डॉक्टर पुढे. घाट लागला, पप्पांनी गिअर उतरवला. तापमानाचा काटा मध्यावर होता. घाट संपत आला तेव्हा गोडसर वास आला, औषधाच्या पाकासारखा. पप्पांनी जन्मभर पाणीच घातलेलं, त्यांना तो वास ओळखू येणं शक्य नव्हतं. मला आला. तापलेल्या इंजिनावर कूलंट सांडत होतं. बोलले तर नोकरी जाणार. गप्प राहिले तर कदाचित इंजिन.

"पप्पा, थांबवा."

"दोनच वळणं ऱ्हायली," ते पुटपुटले.

"पप्पा, थांबवा ना."

"अहो, ती थांबवा म्हणतेय," डॉक्टर म्हणाले.

गाडी कडेला घेतली. बॉनेटखाली हिरवा ओघळ होता. काटा लालच्या अलीकडे.

"साहेब, माझ्या हातून झालं," पप्पा म्हणाले.

"नाही. मी धुतला रेडिएटर," मी म्हणाले. मग हळदीसकट सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी आधी ओघळ बघितला, मग मला. "पेशंट चालता-फिरता होता, तुम्ही उपचार केलेत. आमच्याही धंद्यात होतं हे." मग पप्पांकडे वळून म्हणाले, "उकळली तर विकीन म्हणालो होतो. ही उकळलेली नाही. उद्या रेडिएटर झाळायला टाका, आणि मंगळवारी नेहमीच्या वेळेला या."

इंजिन निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. रेडिएटरचं झाकण फडक्याने हळूच सोडताना पप्पांनी खाली बघतच विचारलं, "इंजिन खरंच गेलं असतं का गं?"

"नक्की नाही सांगता येणार, पप्पा," मी म्हणाले आणि कॅन पुढे केला.