ओव्हनच्या काचेसमोर

आमच्या साकोलीतले ते मेकॅनिक कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याची विचारपूस करतात. आईच्या पंच्याहत्तरीला मी केकचं मिश्रण भांड्यात ओतलं आणि लाइट गेली. ती परत आली, पण ओव्हन तापेना. त्याच्या घड्याळात नुसती शून्यं लुकलुकत होती. मी धावत त्यांना घेऊन आले.

"काहून रुसली बाई?" त्यांनी ओव्हनला विचारलं. पेचकस पिशवीतच राहिला. "ताई, हिले टाइम सांगा. लाइट गेली का घड्याळ विसरते, मंग तापत नाही."

मी वेळ लावली. आत दिवा लागला आणि मी टाळ्याच वाजवल्या!

ओव्हन तापल्यावर मी भांडं आत ठेवलं, ते मात्र गेले नाहीत. काचेसमोर उकिडवे बसले आणि थोड्या वेळानं आईला ओरडून म्हणाले, "मावशी, लवकर या! फुगून राहिला!"

आई धावतच आली. केक फुगताना दोघांनीही कधी पाहिला नव्हता.